घराचें गहाण मुदतीपूर्वीं सोडवावें काय?



ओतुराहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या सडकेवर डिंगोरे हें गांव लागतें. तेथें आमचें घर आहे, आणि तें बांधण्याकरितां काढलेलें कर्ज फेडण्यांत माझ्या आयुष्याचीं साडेआठ वर्षें खर्चीं पडलीं आहेत. मागील उन्हाळ्यांत कांदा विकला गेल्यावर गांवांतील एक तरुण शेतकरी सायंकाळीं आमच्या ओट्यावर येऊन बसला. कांद्याच्या पट्टीचे पैसे त्याच्या हातीं आले होते. तो म्हणाला, "गुरुजी, बँकेच्या घरकर्जांत हप्त्याहून जास्तीचे पैसे भरूं, कीं जवळ ठेवूं?" मीं कागद घेऊन त्यास हिशेब मांडून दाखविला व तो समाधानानें घरीं गेला. परंतु त्या रात्रीं मला स्वस्थ झोंप आली नाहीं. कारण ह्याच प्रश्नाचें उत्तर देतांना मी स्वतः एकदां चुकलों होतों, व माझी चूक आंकड्यांची नव्हती. आंकडे सर्व बरोबर होते.

खेड्यापाड्यांतील उपदेशकांस व मंडळींतील कर्त्या माणसांस हा प्रश्न आतां वारंवार विचारला जातो. म्हणून त्याविषयीं कांहींसें सविस्तर लिहितों.

गहाण म्हणजे काय, हें आपल्या पुणें जिल्ह्यास नव्यानें शिकवावें लागत नाहीं. आमच्या आग्नेयेस शिरूर तालुका आहे. त्या तालुक्यांतील करडे गांवीं सन १८७४ च्या डिसेंबरांत काळूराम नांवाच्या सावकारानें बाबासाहेब देशमुख नांवाच्या एका प्रतिष्ठित गृहस्थावर सुमारें १५० रुपयांच्या कर्जापायीं कोर्टाचा हुकूमनामा आणिला व त्याचें राहतें घर पाडावयास लाविलें. दीडशें रुपयांसाठीं पिढीजात घराचे वांसे उतरतांना गांवानें पाहिले. मग गांवानें सावकारांशीं देणें-घेणें सोडलें. त्यांच्या दुकानीं कोणी जाईना, त्यांची हजामत कोणी करीना, त्यांचें शेत कोणी कसीना. पुढें १२ मे १८७५ रोजीं सुपें येथील बाजारांत दंगा झाला व तो पुणें आणि नगर जिल्ह्यांतील पुष्कळ गांवीं पसरला. दंगेखोरांनीं माणसें मारण्याचा हेतु धरिला नव्हता. त्यांस खतपत्रें पाहिजे होतीं. तीं सावकारांच्या घरांतून ओढून काढून त्यांची होळी केली.

कागद जाळल्यानें ऋण फिटतें असें मी म्हणत नाहीं. परंतु ज्या माणसास आपल्या घरावर दुसऱ्याचा कागद असल्याचें दुःख ठाऊक नाहीं, त्यानें त्या लोकांस एकदम चोर म्हणूं नये. सरकारनेंही तसें म्हटलें नाहीं. चौकशीसाठीं कमिशन नेमलें, आणि १८७९ सालीं पुणें, सातारा, सोलापूर व नगर ह्या चार जिल्ह्यांकरितां शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. त्या कायद्यानें न्यायाधीशास खताच्या पाठीमागें जाऊन हिशेब मुळापासून तपासण्याचा अधिकार मिळाला. खतावर जो आंकडा लिहिला आहे तोच सत्य, हें मानण्याचें बंधन राहिलें नाहीं. त्याहून जुना दामदुपटीचा नियम होता, कीं व्याज एका वेळीं मुद्दलाहून अधिक वसूल होऊं नये. पण मुंबई इलाख्याच्या न्यायालयांनीं तो नियम ऋणको हिंदू असेल तरच लाविला. म्हणजे आमच्या आजा-पणज्यांस बाप्तिस्मा घेतल्यावर ह्या आधारासही मुकावें लागलें असेल. ही गोष्ट आमच्या मंडळ्यांत फारशी सांगितली जात नाहीं.

आतां मुख्य मुद्दा. मुदतीपूर्वीं पैसे देऊन आपलें घर सोडवून घेणें हा ऋणकोचा हक्क आहे असें आज सर्वांस वाटतें. परंतु पूर्वीं तसें नव्हतें. मिळकतीच्या हस्तांतरणाचा कायदा १८८२ चा. त्याच्या ६० व्या कलमाप्रमाणें मुद्दल देय झाल्यानंतर गहाण सोडविण्याचा हक्क कोणत्याही अटीनें हिरावून घेतां येत नाहीं. तथापि मुद्दल देय होण्यापूर्वीं धनकोनें पैसे घेतलेच पाहिजेत असें तें कलम म्हणत नाहीं. दहा वर्षांचें ताबेगहाण लिहून दिलें असेल, आणि तिसऱ्या वर्षीं पैसे घेऊन दारीं गेलें, तर सावकार म्हणे, "मुदत भरूं दे." शेताचें उत्पन्न तो खात असे, त्याला घाई कशाची? ऋणकोच्या हातांतले पैसे मग लग्नकार्यांत जात, आणि मुदत भरे तेव्हां हात रिकामे असत.

लेवीय पुस्तकाच्या २५ व्या अध्यायांत घरांविषयीं एक विलक्षण नियम आहे, तो आम्हां खेडुतांनीं अवश्य वाचावा. तटबंदीच्या नगरांतील घर विकल्यास तें सोडविण्यास एकच वर्ष दिलें आहे. त्यानंतर तें घेणाऱ्याचें कायमचें झालें. परंतु ज्या खेड्यांस तट नाहीं त्यांतील घरें शेतांसारखीं मानावीं, तीं केव्हांही सोडवितां यावीं, व योबेल वर्षीं तीं परत मिळावीं, असें सांगितलें आहे. शहरांतल्या माणसास घर ही एक वस्तु आहे. खेड्यांतल्या माणसास घर गेलें म्हणजे शेत, गोठा, गांव, सर्वच गेलें. हा भेद त्या नियमकर्त्यानें ओळखला होता.

आमच्या काळीं परिस्थिति पालटली. गांवठाणांतील घरास सात-बारा नसतो. ग्रामपंचायतीच्या आकारणीचा उतारा एवढाच त्याचा पुरावा असे, व त्यावर बँका सहसा कर्ज देत नसत. २०२० सालीं स्वामित्व योजना निघाली व ड्रोन उडवून गांवठाणांचें मोजमाप होऊं लागलें. ज्यास मालमत्तापत्रक मिळालें त्याचें घर आतां कागदावर उभें राहिलें. कागदावर उभें राहिलेलें घर गहाण ठेवतां येतें, हा त्यांतील लाभ आहे आणि धोकाही आहे.

दुसरा पालट असा, कीं रिझर्व्ह बँकेनें २०१२ सालीं बँकांस हुकूम केला कीं बदलत्या व्याजदराचें घरकर्ज मुदतीपूर्वीं फेडणाऱ्यापासून कसलाही दंड घेऊं नये. ज्या गोष्टीसाठीं आमचे पणजे सावकाराच्या पायऱ्या झिजवीत होते, ती गोष्ट आज अर्ज लिहून होते. स्थिर व्याजदराचें कर्ज असेल तर मात्र करारपत्र वाचून पाहावें.

आतां त्या तरुणास मीं जो हिशेब दाखविला तो येथें देतों, कारण तो पुष्कळांस ठाऊक नसतो. समजा, १० लाख रुपयांचें कर्ज शेंकडा ९ व्याजानें २० वर्षांच्या मुदतीनें काढलें. दरमहाचा हप्ता ८,९९७ रुपये होतो. पहिल्या हप्त्यांतील ७,५०० रुपये व्याजांत जातात व १,४९७ रुपये मुद्दलांत. पहिल्या संपूर्ण वर्षांत १,०७,९६७ रुपये भरले जातात, आणि वर्षअखेर मुद्दल कमी झालेलें असतें केवळ १८,७२७ रुपयांनीं. माणूस वर्षभर दूध विकून हप्ते भरतो व त्यास वाटतें कीं लाखभर फिटले. चौदा वर्षें असे हप्ते भरल्यावरही निम्मे मुद्दल शिल्लक असतें. वीस वर्षांअखेर एकंदर २१ लाख ५९ हजार भरले जातात. म्हणजे घेतलेल्याहून दुप्पट व वर दीड लाख.

त्याच कर्जांत दरमहा फक्त १,००० रुपये अधिक भरले, तर कर्ज २४० महिन्यांऐवजीं १८६ महिन्यांत फिटतें व सुमारें ३ लाख रुपये व्याज वांचतें. आणि एकदांच ५०,००० रुपये पहिलें वर्ष संपतांच भरले, तर पुढील सुमारें २८ हप्ते नाहींसे होतात व १ लाख ९८ हजार रुपये वांचतात. तेच ५०,००० रुपये पंधरा वर्षांनंतर भरले, तर वांचतात केवळ २६ हजार. पैसा तोच, पण आरंभीं भरलेला पैसा मोठें काम करितो. कारण उघड आहे. व्याज शिल्लक मुद्दलावर चढतें, आणि आरंभीं मुद्दल डोंगराएवढें असतें. रोपट्याचें तण पहिल्या खुरपणींत काढावें, हें आमच्या शेतकऱ्यांस सांगावयास नको.

येथें एक सावधगिरीची सूचना देऊन ठेवतों. जास्तीची रक्कम भरतांना "मुदत कमी करावी, हप्ता तोच ठेवावा" असें बँकेस लेखी द्यावें. नाहींतर कांहीं वेळां हप्ता कमी होतो व मुदत तशीच लांबलचक राहते. २०२२ च्या मे पासून २०२३ च्या फेब्रुवारीपर्यंत रिझर्व्ह बँकेनें आपला मूळ दर शेंकडा ४ पासून साडेसहावर नेला, तेव्हां अनेकांचा हप्ता होता तेवढाच राहिला परंतु हप्त्यांची संख्या मुकाट्यानें वाढली. त्यांस तें वर्ष-वर्ष कळलें नाहीं. पुढें ऑगस्ट २०२३ मध्यें असा नियम झाला कीं व्याजदर पालटतांना हप्ता वाढवावा कीं मुदत वाढवावी हें ऋणकोस निवडूं द्यावें, व हवें तेव्हां थोडें अथवा सर्व कर्ज फेडूं द्यावें. वर्षांतून एकदां तरी बँकेंत जाऊन शिल्लक मुद्दलाचा आंकडा विचारावा. विचारण्यांत लाज कसली?

इतका हिशेब पाहिल्यावर कोणीही म्हणेल, मग प्रश्न उरलाच कोठें? लवकर फेडावें हेंच शहाणपण. मीही तसेंच म्हटलें. आमचें कर्ज १० लाखांचें होतें; पहिला हप्ता ऑगस्ट २०१५ मध्यें भरला. हप्त्यावर दरमहा ५,००० रुपये मी वेगळे साठवीत असें व सात-आठ महिन्यांनीं तें एकदम बँकेंत नेऊन भरीत असें. ह्या बचतीचा मला मोठा अभिमान वाटे. घरांत नवें कापड आलें नाहीं, सणास गोडधोड कमी झालें, प्रवास टाळला. आज मागें वळून पाहतां वाटतें, ती काटकसर म्हणून मी जिचें कौतुक करीत होतों ती पुष्कळशी माझ्या पत्नीच्या ताटांतून निघत होती. घरांत शेवटीं जेवणाऱ्या माणसाच्या वांट्यास बचतीचा मोठा भाग येतो, आणि हिशेबाच्या वहीवर नांव मात्र पहिल्यानें जेवणाऱ्याचें असतें. ज्या बंधूंस लवकर कर्ज फेडावयाचें आहे त्यांनीं प्रथम हें पाहावें, कीं कोणाचें दूध बंद झालें आहे.

पण माझी मुख्य चूक ती नव्हे. २०२१ च्या जून महिन्यांत माझा धाकटा भाऊ आजारी पडला. तीं महामारीचीं वर्षें होतीं. तो इस्पितळांत होता, त्याचा कांदा बराखींत पडून होता, भाव नव्हता. त्याची बायको माझ्याकडे आली. तिनें "चाळीस हजार लागतील, दादा" एवढेंच म्हटलें व पदराचें टोंक हातांत धरून उभी राहिली. माझ्यापाशीं त्या दिवशीं नेमके ४०,००० रुपये साठलेले होते. आठ महिन्यांची बचत, पुढच्या सोमवारीं बँकेंत भरावयाची. मीं तिला ५,००० रुपये दिले, प्रार्थना केली, आणि म्हटलें, "बाकीचे पैसे बँकेचे आहेत."

हें वाक्य मीं पुढें पुष्कळदां मनांत तपासून पाहिलें. तें खरें होतें काय?

ऋण म्हणजे काय, ह्याचा विचार येथें सूक्ष्मपणें केला पाहिजे. पौलानें रोमकरांस लिहितांना कोणाचें देणें ठेवूं नका असा उपदेश केला, आणि आमचे पुष्कळ बंधु तो घरकर्जास लावतात. परंतु तें देणें कोणतें? जें ज्या दिवशीं द्यावयाचें ठरलें व त्या दिवशीं दिलें नाहीं, तें. महिन्याच्या पांच तारखेचा हप्ता पांच तारखेस देणें हें माझें कर्तव्य होतें, व तें मीं कधीं चुकविलें नाहीं. पुढील वर्षांचें मुद्दल त्या दिवशीं बँकेनें मागितलें नव्हतें. तिला तें नको होतें असेंही म्हणतां येईल, कारण तिचें उत्पन्न व्याजावर आहे. म्हणजे हप्त्याहून जास्तीचे ४०,००० रुपये बँकेचे नव्हते. ते माझे होते. आणि माझे होते म्हणूनच त्यांवर माझ्या भावाचा, आईचा, शेजाऱ्याचा हक्क सांगतां येत होता. बँकेचें नांव पुढें करून मीं तो हक्क नाकारला.

मार्काच्या ७ व्या अध्यायांत प्रभूनें ज्या लोकांस दोष दिला ते असेंच करीत होते. आईबापांस मदत करण्याची वेळ आली कीं ते म्हणत, हा पैसा कुर्बान आहे, देवास वाहिलेला आहे. देवाचें नांव घेतल्यावर आईबाप काय बोलणार? माझ्या तोंडीं देवाचें नांव नव्हतें, बँकेचें होतें. पण युक्ति तीच. ज्या धन्यानें पैसे मागितले नाहींत त्याचें नांव सांगून, जो दारांत उभा राहून मागत आहे त्यास परत पाठवावयाचें.

कोणी म्हणतील, "गुरुजी, असा विचार केला तर कोणाचेंही घर सुटणार नाहीं. नातलगांस गरज बारमास असते." हें म्हणणें खोटें नाहीं. मीं स्वतः पुष्कळ पैसे अशा ठिकाणीं जातांना पाहिले आहेत कीं जेथें ते गेल्यानें कोणाचें कल्याण झालें नाहीं. लग्नांत मांडव मोठा पाहिजे, मोटार नवी पाहिजे, ह्या मागण्यांस नाहीं म्हणतांना मन खाण्याचें कारण नाहीं. आणि हेंही खरें, कीं ज्याचें घर मोकळें झालें त्याच्या हातीं पुढें दरमहा हप्त्याएवढी रक्कम उरते व तो अधिक दान करूं शकतो. अलीशाच्या काळच्या त्या विधवेस तेल विकून आधीं देणें फेडावें व उरलेल्यावर आपण व आपल्या मुलांनीं चरितार्थ चालवावा असें सांगण्यांत आलें. क्रम असा कीं आधीं देणें, मग खाणें. परंतु तिचा धनको दारीं आला होता व तिचीं मुलें दास म्हणून नेणार होता. माझा धनको शांतपणें आपल्या कचेरींत बसला होता.

म्हणून मला असें वाटतें कीं गरजांमध्यें एक भेद करावा. कांहीं गरजा थांबल्या तरी तेवढ्याच राहतात. घराचा रंग पुढील वर्षीं दिला तरी चालतो. कांहीं गरजा थांबल्यानें वाढतात. आजार, पेरणीच्या वेळचें बियाणें, परीक्षेची फी, ह्यांचा दिवस गेला कीं पैसा येऊनही उपयोग नाहीं, अथवा त्याच गोष्टीस तिप्पट पैसा लागतो. माझें गहाण थांबलें असतें तर त्यावर शेंकडा ९ नें व्याज चढलें असतें, अधिक नाहीं. भावाचा आजार कोणत्या दरानें चढत होता?

तो दर मला पुढें कळला. त्यानें ३५,००० रुपये गांवांतल्या एका खासगी धनकोपासून दरमहा शेंकडा तीन व्याजानें घेतले. वर्षास शेंकडा ३६. दरमहा १,०५० रुपये व्याज तो भरीत राहिला व मुद्दल जसेंच्या तसें. नहेम्याच्या ५ व्या अध्यायांत यरुशलेमचे लोक दुष्काळांत धान्यासाठीं आपलीं शेतें, द्राक्षमळे व घरें गहाण ठेवितात. आमच्या जुन्नरच्या द्राक्षबागाईतदारांनीं तो अध्याय वाचला तर त्यांस तो कालचाच वाटेल. तेथें नहेम्या धनकोंवर रागावतो तो शंभरावा हिस्सा घेण्यावरून. पुष्कळ टीकाकारांच्या मतें हा हिस्सा दरमहाचा, म्हणजे महिन्यास शेंकडा एक. नहेम्यास जो एक असह्य झाला, तो आमच्या गांवांत आज तीन झाला आहे, व कोणास त्याचें नवल वाटत नाहीं. बँकेचे ९ म्हणजे महिन्यास पाऊण टक्काच.

आतां दोन्ही हिशेब शेजारीं ठेवून पाहावे. मीं ते ३५,००० रुपये जून २०२१ मध्यें बँकेंत भरले. माझें कर्ज फेब्रुवारी २०२४ मध्यें, बत्तीस महिन्यांनीं, संपलें. त्या रकमेमुळें माझें फार तर साडेनऊ हजार रुपये व्याज वांचलें. त्याच बत्तीस महिन्यांत माझ्या भावानें ३३,६०० रुपये व्याज भरलें. एका आईच्या दोन मुलांचा हिशेब एकत्र केला तर आमच्या घराण्यानें चोवीस हजार रुपये बुडविले, आणि मी ह्यास बचत म्हणत होतों. देहूच्या तुकारामांविषयीं परंपरेंत सांगतात कीं त्यांनीं आपल्या वांट्याचीं लोकांकडील कर्जखतें इंद्रायणींत सोडलीं, व भावाच्या वांट्याचीं मात्र त्यास दिलीं. भावाच्या वांट्यास हात न लावण्याची ती बारीक दक्षता मला त्या त्यागाहूनही थोर वाटते. माझ्या हिशेबांत भावाचा वांटाच नव्हता.

त्या तरुणास मीं दुसऱ्या दिवशीं पुन्हां बोलाविलें व जें आदल्या सायंकाळीं सांगितलें नव्हतें तें सांगितलें. पहिलें, सर्वांत महाग कर्ज आधीं फेडावें. खासगी धनकोचें, मग सोन्यावरचें, मग घराचें. पीककर्जाची घाई करूं नये, पण तारीख चुकवूं नये, कारण वेळेवर फेडणाऱ्यास सरकारी व्याजसवलती मिळून तीन लाखांपर्यंतचें पीककर्ज जवळजवळ बिनव्याजी पडतें. मग, घरकर्जांत एक रुपयाही जास्तीचा भरण्यापूर्वीं सहा महिन्यांचे हप्ते व एका आजारपणाचा खर्च बाजूस ठेवावा. भिंतींत गेलेला पैसा अडचणीच्या रात्रीं भिंतींतून काढतां येत नाहीं. पुन्हां कर्ज काढावें लागतें, आणि तें महाग असतें. २०२० च्या मार्चपासून ऑगस्टपर्यंत हप्ते थांबविण्याची सवलत मिळाली तेव्हां पुष्कळांस वाटलें कीं ते हप्ते माफ झाले. व्याज मात्र चालूच होतें. शिल्लक असती तर ती सवलत घ्यावी लागली नसती. त्यानें विचारलें, "आणि भावाचें?" मीं म्हटलें, "तुझ्या पट्टींतला कांहीं भाग आधींच बाजूस काढ आणि त्यास घराची शिल्लक न म्हणतां दुसरें नांव दे. म्हणजे दारांत कोणी उभें राहिलें कीं हे पैसे कोणाचे हा विचार त्या वेळीं करावा लागणार नाहीं. त्या वेळीं तो विचार नीट होत नाहीं."

कर्ज फिटलें म्हणजे काम संपलें असें समजूं नये, हेंही त्यास सांगितलें. बँकेकडून ना-देय दाखला घ्यावा. मूळ कागदपत्रें तीस दिवसांत परत देण्याचा नियम रिझर्व्ह बँकेनें १ डिसेंबर २०२३ पासून लागू केला आहे. बँकेच्या दोषानें विलंब झाल्यास दिवसास ५,००० रुपयांप्रमाणें भरपाई द्यावी लागते. आणि शेतजमिनीच्या उताऱ्यावर बोजा चढला असेल तर तो तलाठ्याकडे अर्ज करून उतरवून घ्यावा. फिटलेल्या कर्जाचा बोजा उताऱ्यावर वर्षानुवर्षें तसाच राहिल्याचीं उदाहरणें गांवोगांव सांपडतील. मुलांच्या वांटणीच्या वेळीं तो डोकें वर काढतो.

आमचीं कागदपत्रें मार्च २०२४ मध्यें आलीं. मी पेढे घेऊन भावाच्या घरीं गेलों. तो बरा होऊन आतां शेतीं जाऊं लागला होता. आम्ही बोलत बसलों असतां एक माणूस मोटारसायकलीवर आला, दारांतच थांबला, भावजयीनें डब्यांतून पैसे काढून त्यास दिले व तो गेला. मीं विचारलें, हा कोण? तेव्हां मला प्रथम त्या ३५,००० रुपयांची व दरमहाच्या १,०५० रुपयांची हकीकत कळली. मीं भावास म्हटलें, "मला सांगितलें कां नाहींस?" तो हंसला व म्हणाला, "दादा, तुमचें घर सुटूं दे म्हटलं आधीं." अनुवादाच्या २४ व्या अध्यायांत धनकोनें गहाण घेण्यास ऋणकोच्या घरांत शिरूं नये, बाहेर उभें राहावें, असा नियम आहे. तो मोटारसायकलवाला निदान तेवढा नियम पाळत होता. मी मात्र घरांत पेढे घेऊन बसलों होतों.

आमचा हप्ता व जास्तीची बचत मिळून दरमहा सुमारें १४,००० रुपये आतां मोकळे झाले होते. एप्रिल, मे व जून असे तीन महिने ते भावाच्या कर्जांत भरले. त्यानें भरलेले ३३,६०० रुपये कांहीं परत आले नाहींत, व ते मीं त्यास देऊं केले तेव्हां त्यानें घेतले नाहींत. माझ्या पत्नीनें ते थोडे थोडे करून त्याच्या मुलीच्या शाळेंत भरावयास घेतले आहेत. जूनमध्यें शेवटचे पैसे देऊन भावानें आपल्या सहीचा कागद परत आणिला. मीं म्हटलें, हा नीट जपून ठेव, फेडल्याचा पुरावा आहे, उद्यां कोणी वाद काढील. भावजयीनें माझ्याकडे पाहिलें, आणि पाहिलें तोंपर्यंत तिनें तो चुलींत सारलाही होता. त्यावरच चहा झाला.